चुकण्याची तालीम

मी सहावीला इंग्रजी शिकवते. तीन वर्षं हंगामी म्हणून राबत होते. यंदा तपासणीच्या साहेबांनी चांगला शेरा मारला तर कायम, नाहीतर हातात नारळ, असा मामला होता.

आमच्या मोठ्या सरांना कुठल्याशा शिबिरात साक्षात्कार झाला, की व्याकरण पोरांच्या डोक्यातून नव्हे, पायांतून आत शिरतं. मग काय! फळ्यापुढे तीन खुर्च्या मांडल्या: काल, आज, उद्या. मी इंग्रजी वाक्य म्हणायचं, पोरांनी धावत जाऊन त्या काळाची खुर्ची पकडायची. चुकला तो बाद. खरं सांगते, खेळ झकास होता. एरवी तोंड लपवणारी पोरंसुद्धा धावली, ओरडली, एका खुर्चीचा पाय मोडला. मला कितीतरी दिवसांनी आपण शिकवतोय असं वाटलं.

आवाज ऐकून मोठे सर दारात आले. "बाई, खेळ हवाच. पण शिस्तीत. साहेबांपुढे हा धिंगाणा चालणार नाही."

मग दोन आठवडे तालीम चालली. पावलं वाजू नयेत म्हणून बूट वर्गाबाहेर. कुठल्या वाक्याला कोण धावणार, कुठल्या खुर्चीकडे, सगळं ठरलं. आनंदही कागदावर होता: चौथ्या वाक्याला टाळ्या, सातव्याला हशा.

"सगळेच बरोबर आले तर साहेबांना संशय येईल," सर म्हणाले. "सातव्याला एक जण चुकू दे."

चुकणाऱ्यांचा आमच्याकडे तोटा नव्हता. पण ती अवसानघातकी कार्टी तालमीत नेमकी बरोबर खुर्ची पकडायची! शेवटी हे काम भिंगरीला दिलं. वर्गातली सगळ्यात हुशार पोर. सांगितल्या वेळी सांगितल्यासारखं चुकणं म्हणजे काही येरागबाळ्याचं काम नव्हे.

"पण बाई, मला उत्तर येतं," ती म्हणाली.

"म्हणून तर तुला निवडलं," मी म्हटलं.

साहेब आले. टाळ्या वेळेवर पडल्या. सातव्या वाक्याला भिंगरी 'उद्या' सोडून 'काल'कडे गेली, आणि ठरल्याप्रमाणे वर्ग हसला. साहेबांना तिची दया आली. त्यांनी तिला जवळ बोलावलं, "घाबरू नकोस हं, बाळ," म्हणत अगदी सोपं वाक्य विचारलं. हे तालमीत नव्हतं. भिंगरीने माझ्याकडे पाहिलं, मागे डोळे वटारून उभ्या असलेल्या सरांकडे पाहिलं आणि इमानाने पुन्हा चुकली.

साहेबांनी शेरा लिहिला आणि मोठ्याने वाचून दाखवला. खेळ उत्तम. शिक्षिका कायम करण्यास योग्य. ही मुलगी मात्र फार कच्ची, तिला रोज जादा तासाला बसवावे.

खरं काय ते अगदी ओठांवर आलं होतं. पण मी "थँक यू, सर" म्हणून मोकळी झाले. त्याची लाज मला अजून वाटते.

कायम झाल्यावर कच्च्या मुलांचा जादा तास माझ्याच गळ्यात पडला. शाळा सुटल्यावर, जिन्याखालच्या खोलीत. भिंगरी पहिल्या बाकावर बसली होती. मी फळ्यावर वाक्य लिहिलं. तिने वाचलं, पेन उचललं आणि थांबली.

"बाई," तिने हळूच विचारलं, "इथे बरोबर यायचं, की इथेही चुकायचं?"