चौऱ्याऐंशी सालची मतदार यादी

तेजरामने तो कागद आठवडाभर शर्टाच्या आतल्या खिशात जपला होता. रेणूला दाखवलाच नव्हता. पोरीने भिलाईतल्या रुआबांधा वस्तीतल्या दीड खोलीत सहा वर्षं पुस्तकांत डोकं घातलं, तेव्हा कुठे राज्य सरकारच्या लिपिकांच्या यादीत तिचं नाव लागलं, तेही ओबीसीच्या जागेवर. आपलाही थोडा हातभार लागावा, एवढीच त्या बापाची हौस.

अडलं होतं जातीच्या दाखल्यापाशी. बाप चौऱ्याऐंशीच्या आधीपासून इथे राहतो हे दाखवा, तरच इथला दाखला. तेजराम ब्याऐंशीतच महाराष्ट्रातल्या लाखनीकडून भिलाईला आलेला, पण ठेकेदाराच्या मजुराला कागद कोण देतो? सारा जन्म इथे घासला आणि त्याची साधी चिठ्ठी कुठे उरली नव्हती. शेवटी रेणूने कवडू आणि भागीरथा या दोन म्हाताऱ्या शेजाऱ्यांची शपथपत्रं जोडली. दाखल्याच्या खिडकीवरचा बाबू म्हणाला होता, "कोई पुराना कागज मिले तो लगा दो. नहीं तो इसी पर साहब से बात करता हूँ."

जुना कागद, एवढंच तेजरामच्या डोक्यात बसलं. तो गुपचूप गावाकडे गेला आणि चौऱ्याऐंशीच्या मतदार यादीची नक्कल घेऊन आला. भिलाईत राहूनही गावच्या यादीतलं नाव त्याने कधी कापू दिलं नव्हतं. दर निवडणुकीला मजुरी बुडवून गाडीने गावी जायचा आणि शाईचं बोट पुढे आठवडाभर मिरवायचा. आपलं गाव सुटलं नाही, याचा त्याला भारी अभिमान.

दाखल्याच्या खिडकीपाशी त्याने छाती काढून कागद बाहेर काढला. "साहब, ये देखो. चौरासी का है, सिक्के वाला."

रेणूने वरचं गावाचं नाव वाचलं. तिचा हात कागदाकडे गेला, मध्येच थांबला आणि मागे आला. बाबूने कागद घेतला, सवयीप्रमाणे आधी आवकचा शिक्का मारला, फाईलला टाचला आणि मग वाचला.

त्याने तो पुन्हा एकदा वाचला. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर निदान त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

"चाचा, इसमें तो लिखा है कि उस साल आप महाराष्ट्र में रहते थे."

"रहते नहीं थे, साहब. बस नाम था."

"हम नाम ही देखते हैं, चाचा."

तेजरामने कागद परत मागितला. शिक्का बसलेला कागद फाईलमधून निघत नाही, असं बाबूने त्याला हळू आवाजात सांगितलं.

महिन्याभरात दाखला नामंजूर झाला आणि जागा यादीतल्या पुढच्या नावाला गेली. घरात कोणी तेजरामला एका शब्दाने बोललं नाही, आणि तेच त्याला सोसवेना. त्या दिवशी बायकोने, मैनाबाईने, वाढलेलं ताट त्याने बाजूला सरकवलं.

"रेणू, तुले तवाच समजलं होतं. हात मागं कावून घेतला?"

रेणूने तव्यावरची पोळी उलटली. बापाकडे तिने पाहिलं नाही.

"कोन्या हापिसात तुमी असे ताठ उभे राहिलेले मी कधी पाहिलंच नव्हतं, बाबा."