हात थांबला

आमच्या घरात दारूचं नावसुद्धा कुणी काढत नाही. लिंगायताचं घर, दारात बेलाचं झाड, कपाळाला विभूती. त्यामुळे झालं असं, की दारू घरात शिरली तर ती दिसते कशी, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

माझ्या नवऱ्याचा, वीरेशचा हात पावसाळ्यात कापायला लागला. तो गडहिंग्लजात शाळेची गाडी चालवतो. आमची रक्षिताही त्याच गाडीतून जाते. सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन तो पूजेला बसला, की लिंग थरथरायचं.

"अशक्तपणा हाय, दुसरं काय!" अत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या.

मग बदाम, खारीक, दूध. रात्री तो धड जेवायचा नाही, खिशात कायम बडीशेप, काही विचारलं की अंगावर यायचा. हे सगळं मी बघत होते आणि बदाम भिजत घालत होते. माझ्यासारखी शहाणी मीच!

दिवाळीत हात थांबला. अत्तींनी गल्लीभर साखर वाटली. मलाही हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आज त्याला जाग उशिरा आली. अत्तींनी त्याला न्हाणीतून थेट पाटावर बसवलं. त्यानं लिंग तळहातावर घेतलं आणि हात असा कापायला लागला, की ते पडतंय की काय म्हणून मी खाली ओंजळ धरली. त्यानं ते कसंबसं खाली ठेवलं.

"गाडीत पाणी हाय का बघून येतो," म्हणत ओल्या अंगानंच तो बाहेर गेला.

परत आला तो बडीशेप चघळत. पूजेआधी तोंडात पाण्याचा थेंब न घेणारा माणूस! थोडा वेळ नुसताच बसला, मग लिंग उचललं. आता हात दगडासारखा स्थिर होता.

"बघ गं, कसा थांबला! शिवा, शिवा!" अत्तींनी हात जोडले.

दिवाळीत हात थांबला तो कशानं, ते मला आत्ता कळलं. बाहेरून रक्षिता हाका मारत होती, "अप्पा, चला की!" ती गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसली होती. पाटाशेजारची गाडीची किल्ली मी उचलून मुठीत धरली.

"दे की गं ती," अत्ती म्हणाल्या, "पोरं खोळंबल्यात तिकडं."

"अहो, गाडीत काय ठेवलंय ते आधी अत्तींना सांगा."

मला वाटलं, आता हा घर डोक्यावर घेईल. तो ओरडला नाही. लहान पोराला समजावावं तसं हळू बोलला.

"सौंदर्या, न घेता बसलो तर स्टेअरिंग धरवत न्हाई मला. मागं एवढी पोरं असत्यात. त्यांच्यासाठीच घेतो की."

अत्ती भिंतीला टेकल्या. तो हे अगदी मनापासून बोलत होता आणि मला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली. रक्षिताला गाडीतून उतरवायला मी धावत सुटले.