दोघी जावांचा चढता भाव

देव माणसाला प्रेम भरभरून देतो, पण ते कसं वापरायचं याची माहिती सोबत देत नाही. म्हणून ज्याच्या त्याच्या हातून थोडा घोटाळा होतोच. या घरात तो काठ्यांच्या भावात झाला.

घर म्हणजे वर दोन खोल्या, खाली दोन, आणि मागच्या बाजूला पत्र्याखाली सासऱ्यांचा कारखाना. कारखाना हे नाव आपलं कौतुकाचं. आत लाकूड कातायचं एक लेथ, एक लांब टेबल, घोट्यापर्यंत भुसा आणि त्यात स्वतः सासरे, एवढाच सगळा ऐवज. सासरे म्हाताऱ्या माणसांसाठी हातकाठ्या करत. मूठ अशी घासत की धरणाऱ्याला वाटावं, आपला हात कोणीतरी हातात घेतलाय.

काठ्या विकायचं काम दोघी सुनांकडे होतं. थोरलीचं दुकान मोठ्या बाजारात. मोठा बाजार म्हणजे फोनवरचं ते अवाढव्य दुकान, जिथे सुईपासून सोफ्यापर्यंत सगळं मिळतं आणि जिथे कोणीही आपली फळी मांडू शकतं. धाकटीकडे घरची वेबसाइट. काठी तीच, मूठ तीच, फोटोसुद्धा तेच. थोरली वरच्या खोलीत बसून आपल्या काठ्या बांधायची. धाकटी खाली, कारण पाठीच्या दुखण्याने ती कित्येक महिने अंथरुणाला खिळली होती आणि जिना अजून तिला झेपत नव्हता.

त्या महिन्यांत थोरलीने दोन्ही दुकानं सांभाळली, घर सांभाळलं, आणि धाकटीची वेणीसुद्धा घातली. धाकटी उठून बसली, वेबसाइट पुन्हा हातात घेतली, आणि पहिली ऑर्डर आली तेव्हा तिचा फोन टिंग वाजला. ते ऐकून तिच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं ते थोरलीने दारातून पाहिलं. किती दिवसांनी! थोरलीच्या मनाने तिथेच घेतलं, की हिचा फोन वाजत राहिला पाहिजे. औषधाने होणार नाही ते त्या टिंगने होईल.

आता गिऱ्हाईक काही खुळं नसतं. चार ठिकाणी भाव बघतं आणि स्वस्त असेल तिथे जातं. तेव्हा आपला भाव धाकटीपेक्षा जरा जास्त ठेवला की काम झालं. थोरलीच्या नवऱ्याने दोघींच्या फोनवर भाव राखणारं एक अ‍ॅप घालून दिलं होतं. ते दुसऱ्या दुकानाचा भाव दिवसातून एकदा बघून आपला भाव आपोआप बदलायचं. थोरलीने ते उघडलं. पहिलाच चौकोन होता, ‘तुमचा स्पर्धक’. तिथे जावेच्या दुकानाचं नाव लिहिताना तिचं बोट अडलं. स्पर्धक! म्हणजे काय, ही काय शर्यतीतली घोडी आहे? पण चौकोन रिकामा ठेवला की अ‍ॅप पुढे सरकेना. शेवटी मनातल्या मनात देवाची माफी मागून तिने नाव घातलं. खालच्या चौकोनात विचारलं होतं, स्पर्धकापेक्षा किती? तिने लिहिलं, पाच रुपये जास्त.

कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर धाकटीने ऐकूनच घेतलं नसतं.

दुसऱ्या आठवड्यापासून थोरलीच्या ऑर्डरी कमी झाल्या. तिसऱ्यात जवळजवळ बंदच पडल्या. आपला धंदा बसला म्हणून मनातून खूश होणारी दुकानदारीण जगात दुसरी नसेल. फोन गप्प राहिला की तिला वाटायचं, खालच्या खोलीत वाजला असेल.

एक गोष्ट मात्र खटकत होती. तिचा भाव रोज चढत होता. म्हणजे धाकटी रोज आपला भाव वाढवत होती. आधी थोरली म्हणाली, वाढवू दे, औषधपाण्याला होतील. मग काठीचा भाव सव्वापट झाला, मग दीडपट झाला, आणि तिच्या मनात एक नको ती पाल चुकचुकली. हिला पैशाची गोडी तर लागली नाही ना? असा विचार आल्याबद्दल तिने स्वतःलाच चिमटा काढला. पण विचार आला होता हे खरं.

एका सकाळी मोठ्या बाजाराचा निरोप आला. ‘आपल्या वस्तूची किंमत नेहमीपेक्षा फार जास्त आहे. तीच वस्तू अन्यत्र कमी किमतीत आढळली आहे. उद्या संध्याकाळपर्यंत किंमत सारखी व वाजवी न केल्यास विक्री थांबवण्यात येईल.’

बऱ्याचशा काठ्या मोठ्या बाजारातूनच खपत. ती फळी उचलली गेली तर सासऱ्यांनी काठ्या करायच्या तरी कोणासाठी? आधीच परवा जेवताना ते म्हणाले होते, “लेथला गिऱ्हाईक आलंय एक. काठ्या अशाच पडून राहिल्या तर देऊन टाकीन म्हणतो. मीही बसतो मग गॅलरीत, पेपर वाचत.” हसत म्हणाले होते, पण घास हातातच राहिला होता त्यांच्या.

काठ्या पडून आहेत? थोरली तशीच मागे कारखान्यात गेली. कोपऱ्यात काठ्या दाटीवाटीने उभ्या होत्या, बसची वाट बघत असल्यासारख्या. म्हणजे आपल्याकडूनही खपल्या नाहीत आणि धाकटीकडूनही नाहीत? मग गिऱ्हाइकं गेली कुठे?

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

“काठीवाल्या बाई का? मी बस चालवायचो, आता निवृत्त आहे. मागे तुमची काठी घेतली होती मी.”

“हो काका, बोला ना. काठी बरी आहे ना?”

“काठी झकास. माणूसच वाकडा होत चाललाय. आता बायकोला हवी आहे. पण बाई, तुम्ही आता मुठीला सोनं लावता का?”

“नाही हो...”

“मग भाव काय लावलाय हा! सकाळी बघितलं तर तुमच्याकडे जास्त, त्या दुसऱ्या वेबसाइटवर कमी. म्हटलं तिथून घेऊ. संध्याकाळी चष्मा लावून बसलो तर तिकडे जास्त, तुमच्याकडे कमी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तुमचा वर. शिडीवर चढल्यासारखे एक पायरी तुम्ही, एक पायरी ते! भांडण आहे का तुमचं त्यांच्याशी?”

“भांडण कसलं, ती माझी जाऊ आहे.”

“अरे देवा,” काका म्हणाले, “मग मिटणं कठीण आहे.”

थोरलीला हसू आलं आणि रडूही आलं. आज उद्यात भाव ठीक करते, असं काकांना कबूल करून तिने फोन ठेवला, आणि तडक धाकटीच्या खोलीत गेली. धाकटी उशीला टेकून बसली होती. थोरलीला बघताच तिने फोन पालथा घातला.

“काय गं, मला बघून लपवतेस काय?”

“कुठे काय. ताई, तू बस ना.”

“बसायला नाही आले. मोठ्या बाजाराचा निरोप आलाय. उद्या संध्याकाळपर्यंत दोन्हीकडचा भाव एक झाला नाही तर आपली काठी तिथून उठली. एक विचारू? खरं सांगशील? रोज भाव का वाढवतेस?”

धाकटीचे डोळे मोठे झाले. “मी? मी वाढवते? ताई, तू वाढवतेस!”

“मी कशाला वाढवू? तू वाढवलास म्हणून माझा...” थोरली तिथेच थांबली.

“तुझा काय?”

“काही नाही.”

“काही नाही कसं? बोल की आता. मला तीन आठवडे वाटतंय, ताईला झालंय काय! हिला पैशाची हाव सुटलीय की काय. असं वाटलं म्हणून मी दोनदा रडले, माहितीये?”

“अगं बाई! मला तुझ्याबद्दल हेच वाटलं.”

तेवढ्यात थोरलीचा नवरा चहाचा कप घेऊन दारावरून जात होता. तो म्हणाला, “चाललंय काय सकाळी सकाळी? तुम्ही दोघी भांडायला लागलात तर आम्ही भावांनी करायचं काय?” आणि कोणी उत्तर देण्याआधीच शहाणपणाने पुढे निघून गेला.

“अ‍ॅप उघड तुझं,” थोरली म्हणाली.

“आधी तू उघड.”

“मी मोठी आहे, मी सांगते ते कर.”

“मोठी आहेस म्हणूनच आधी तू.”

शेवटी दोघींनी एकदमच उघडलं आणि फोन एकमेकींच्या हातात दिले. थोरलीने वाचलं. ‘तुमचा स्पर्धक’, आणि पुढे तिच्याच दुकानाचं नाव. जिची वेणी घातली, जिला चमच्याने पेज भरवली, तिने आपल्याला स्पर्धक लिहावं? समोर धाकटीचाही चेहरा उतरला होता, कारण तिच्या हातातल्या फोनवर तेच होतं. मग थोरलीची नजर एक ओळ खाली गेली.

स्पर्धकापेक्षा किती? पाच जास्त.

“जास्त?” थोरली म्हणाली.

“जास्त?” धाकटी म्हणाली.

“अगं वेडे, जास्त का लिहिलंस? सगळं गिऱ्हाईक माझ्याकडे येईल ना!”

“यावं म्हणूनच लिहिलं! मी पडून होते तेव्हा तू माझं करत बसलीस. तुझ्या ऑर्डरींना उशीर झाला, लोकांनी तुझ्या दुकानाचे तारे कमी केले. पाचाचे साडेतीन! मी रोज बघत होते पडल्या पडल्या. म्हटलं, विक्री वाढली की तारे पुन्हा वर येतील.” ती थांबली. “आणि तू का लिहिलंस?”

थोरलीला एकदम सांगता येईना. “तुझा फोन वाजला ना,” ती म्हणाली, “पहिल्यांदा. टिंग करून. म्हटलं, वाजू दे अजून.”

मग जे झालं ते शब्दांत मांडण्यासारखं नाही. रडणं होतं, हसणं होतं, आणि मध्येच धाकटीचं ‘आई गं, पाठ, पाठ, हसवू नकोस’ होतं. सकाळी अ‍ॅप धाकटीचा भाव बघून थोरलीचा पाचाने चढवायचं, संध्याकाळी थोरलीचा बघून धाकटीचा. आपण दोघींनी मिळून एका साध्या काठीला माडीवर चढवून ठेवलं, आणि ज्यांना खरंच जिना चढवत नाही ती म्हातारी माणसं खाली उभी राहिली. हे धाकटी म्हणाली, आणि मग दोघींचं हसू थांबलं.

आवाज ऐकून सासरे आले. अंगावर भुसा, कानावर पेन्सिल. सगळं ऐकून घेतलं आणि खाटेच्या कडेवर बसले.

“म्हणजे दोघी एकमेकींना ‘आधी तू, आधी तू’ करत दारात उभ्या राहिलात,” ते म्हणाले, “आणि आत कोणीच गेलं नाही.”

“चुकलं बाबा,” थोरली म्हणाली.

“चुकलं ते चुकलं. त्यातही लाजण्यासारखं काही नाही बघा. सुना अशा असताना लेथ कशाला विकायचं? आता काठीचा भाव किती, ते मला विचारा. लाकडाचे, माझ्या हाताचे आणि तुमच्या बांधण्याचे. त्यावर एक पैसा नाही. म्हातारं माणूस कुठल्या दारातून आलं म्हणून त्याला जास्त कशाला पडावेत?”

अ‍ॅपमध्ये एक सोय होती, तिकडे दोघींनी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. एका ठिकाणी मूळ भाव भरायचा आणि दोन्ही दुकानांनी तोच दाखवायचा. स्पर्धकाचा चौकोन आधी दोघींनी पुसला. मग मूळ भाव.

“ताई, तू भर.”

“नको, तू भर. तुझ्या फोनवरून.”

“पुन्हा सुरू झालं!” सासरे ओरडले. “आणा तो फोन इकडे.” आणि एका बोटाने, जीभ दाताखाली धरून, त्यांनी भाव भरला. एक शून्य जास्त पडलं. दोघी एकदम किंचाळल्या. शून्य पुसलं. पहिल्यापासून होता तोच जुना भाव दोन्हीकडे लागला.

“पण बाबा,” धाकटी हळूच म्हणाली, “भाव सारखा झाला. मग ऑर्डर कोणाकडे जाणार?”

“ज्याला जिथे बरं वाटेल तिथे. आणि बांधायचं दोघींनी एकत्र, माझ्या टेबलावर. म्हणजे कोणाचा फोन वाजला याची मोजदाद करायला कोणी उरणार नाही.”

थोरलीने मोठ्या बाजाराला लिहून कळवलं. काही लपवलं नाही. घरातल्या दोघींनी एकमेकींचं भलं करायच्या नादात भाव चढवला, आता दोन्हीकडे एक केला आहे, असं सरळ लिहिलं. नवरा म्हणाला, “असं कोणी लिहितं का? कारण म्हणून काहीतरी बरं सांगायचं.” ती म्हणाली, “याहून बरं कारण माझ्याकडे नाही.”

दुसरा दिवस मोठा लांब गेला. दुपार झाली, उत्तर नाही. धाकटी भिंत धरून धरून मागच्या कारखान्यात येऊन बसली. सासरे काठी घासत होते, पण त्यांचा हात एकाच जागी फिरत होता. थोरली दोरा गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. मनात तिचं एकच चाललं होतं. देवा, आमच्या भाबडेपणाचा दंड या म्हाताऱ्या माणसाला नको.

ऊन टेबलावरून खाली उतरलं तेव्हा उत्तर आलं. थोरलीचा धीर होईना, म्हणून धाकटीने वाचलं. ‘किंमत दोन्ही ठिकाणी सारखी असल्याचे आढळले. विक्री सुरू राहील. पुढील महिनाभर किमतीवर लक्ष ठेवण्यात येईल.’ आणि खाली, बहुधा कुठल्यातरी खऱ्या माणसाने, आपल्या हाताने लिहिलेली एक ओळ होती, ‘माझ्या दोन बहिणींना हे वाचून दाखवलं.’

सासऱ्यांनी काठी खाली ठेवली, डोळे पुसले आणि सगळा दोष भुशावर ढकलला.

दिवे लागायच्या आत एक ऑर्डर आली. मग लगेच दुसरी. फोन दोन्ही टेबलावरच पडले होते, भुशात पालथे.

“कोणाचा गं वाजला?” थोरलीने विचारलं.

“बघते नंतर,” धाकटी म्हणाली. “आधी तू ते टोक धर, मी गाठ मारते.”