हाकेला थांबणारी गाडी

"चाकाचा शोध कुणीबी लावला असंल, पर चाकाला डोंगर चढायला लावलं ते आमी मावळातल्या लोकांनी!" असं कोंडाजीआबांनी वडिवळ्याच्या देवळापुढे उभं राहून साऱ्या गावाला सुनावलं. सारा गाव म्हणजे त्या वेळी चार म्हातारे आणि एक म्हैस. चारांपैकी दोघांना पक्कं आठवत होतं, की आबा तरणेपणी सायकल शिकायला गेले आणि सायकलीसकट भाताच्या खाचरात घुसले. तेव्हापासून त्यांनी कुठलंही चाक स्वतः चालवलेलं नव्हतं. बैलगाडी सोडून. बैलगाडीत अक्कल बैलांकडे असते, म्हणून निभावतं, असं आबा स्वतःच सांगत.

निमित्त असं, की त्यांच्या अंगणात सोमाटण्याहून दोन गाड्या चाचणीसाठी उतरल्या होत्या. दोन्ही डोंगरात चालणाऱ्या, फुगीर चाकांच्या. एक मोटारीच्या घराण्यातली: दोन खुर्च्या, गोल स्टिअरिंग, मागे हौदा. दुसरी घोड्याच्या: टांग टाकून बसायचं, हातात हँडल, पुढेमागे सामान बांधायला लोखंडी जाळ्या.

मुलाला, म्हणजे सत्यमला, घोडा हवा होता. शनिवार-रविवारी लोणावळ्याला येणाऱ्या मंडळींना रानवाटांनी फिरवायचं त्याच्या डोक्यात होतं. सुनेला, सृष्टीला, हौदा हवा होता. खताची पोती आणि गवताचे भारे काही शनिवार-रविवार बघून येत नाहीत.

आबांना यातलं काहीच नको होतं. त्यांना पठार हवं होतं. गावाच्या डोक्यावर, तासाभराच्या चढणीवर त्यांचं अडीच एकर नाचणीचं रान. चार वर्षांपूर्वी आबांचा गुडघा गेला, पाठोपाठ त्यांच्या बायकोचा, शालूबाईंचा. पुढे बैल गेले आणि पठार ओसाड पडलं. आता घरात ठरलं होतं, की दसऱ्याच्या आत वर जायची सोय झाली तर ठीक, नाहीतर पठार पर्यटकांसाठी तंबू ठोकणाऱ्या तंबूवाल्यांना देऊन टाकायचं. तंबूवाल्यांचा माणूस दोनदा चहा पिऊन गेला होता. दसरा आठ दिवसांवर होता.

निवड कोणी करायची यावर मात्र वाद झाला नाही. चाळीस वर्षं आसपासच्या गावांत कुणी बैल घेतला, तर आबांच्या पारखीवाचून घेतला नव्हता.

गाड्या घेऊन आलेला तळेगावचा यशोधन इस्त्रीच्या शर्टात पुढे झाला. "बोला आबा, काय माहिती देऊ? इंजिन, मायलेज, सस्पेन्शन?"

"दात किती?"

यशोधननं सत्यमकडे पाहिलं. "वय इचारत्यात," सत्यम म्हणाला.

"यंदाचंच मॉडेल आहे, आबा."

"म्हंजी आदत. अजून दात न्हाई लावल्यालं खोंड." आबांनी दोन्ही गाड्यांना फेऱ्या घातल्या, पुठ्ठ्यावर थापा मारल्या, कपाळावर खोडीचा भोवरा आहे का पाहिलं. घोड्याच्या मागे शेपटीच्या जागी त्यांच्या हाताला एक आकडा लागला.

"त्याला ट्रॉली जोडता येते," यशोधन म्हणाला.

"वढतंय बी?" आबांचा आवाज खाली आला. सृष्टीनं लगेच ट्रॉलीचं माप विचारून घेतलं. सहा पोती बसतात म्हटल्यावर तिचा हौद्याचा हट्ट अर्धा उतरला.

"ह्ये समदं शिंगाला लावायचा रंग," आबांनी निकाल दिला. "खरी परीक्षा येकच. उतरणीला हाळी दिली की जनावर थांबलं पायजे."

हेल्मेटशिवाय बसू देणार नाही, यावर यशोधन अडून बसला. टोपी काढणार नाही, यावर आबा. शेवटी टोपीवर हेल्मेट चढलं आणि डोक्यापासून चार बोटं वर, कळसासारखं उभं राहिलं.

पहिली पाळी हौदेवाल्या गाडीची. आबा स्टिअरिंगला, यशोधन शेजारच्या खुर्चीत. घरामागच्या उतरणीवर, खाली ओढा दिसताच आबांनी आरोळी ठोकली, "होऽऽ! हो रं होऽऽ!" आणि गाडीवान करतो तेच केलं: दोन्ही पाय रेटून अंग मागे टाकलं. त्यातला उजवा पाय नेमका अ‍ॅक्सिलरेटरवर रेटला गेला. गाडी ओढ्यात शिरली, पलीकडे निघाली आणि यशोधननं किल्ली फिरवली तेव्हा तेरड्याच्या फुलांत उभी होती.

"ताकद लय हाय," आबा खाली उतरत म्हणाले. "पर ऐकत न्हाई. असला बैल दावणीला नगं."

मग घोडा. याचा अ‍ॅक्सिलरेटर उजव्या अंगठ्याखाली. तीच उतरण, तीच आरोळी. या खेपेला आबांनी कासरा खेचावा तसे दोन्ही हात छातीशी ओढले. अंगठा सुटला. इंजिन गुरगुरलं, धीमं झालं आणि पाण्याच्या चार बोटं अलीकडे गाडी उभी राहिली.

यशोधननं इंजिनच्या ब्रेकिंगबद्दल सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सत्यमनं त्याच्या बुटावर पाय ठेवला.

आबा उतरले. गाडीच्या कपाळावरून त्यांनी हात फिरवला. डोळे भरले होते. "ऐकतंय रं ह्ये! आईच्यान सांगतो, ऐकतंय!"

राहिला डोंगर. मागे आणखी एकाची जागा होती. "आये, तू थांब," सत्यम म्हणाला, "टांग टाकून बसायचं हाय."

"मग ह्यो कासोटा काय पूजेला घातलाय व्हय?" शालूबाई म्हणाल्या आणि नऊवारीत टांग टाकून बसल्यासुद्धा. आबांचं धोतर मात्र जाळीत अडकलं. ते सोडवायला दोन माणसं लागली.

जुन्या बैलवाटेनं गाडी माणसाच्या चालीनं चढू लागली. सत्यम आणि यशोधन दोन्ही बाजूंनी धापा टाकत चालले. एकेक चाक दगड चाचपून बघायचं, खूर ठेवावा तसं बेतानं टेकायचं, आणि मगच भार द्यायचं. आबांनी श्वास धरून ठेवला होता. कारवीचं रान संपलं, शेवटचा कातळ चाकाखाली गेला आणि समोर एकदम आभाळच आलं.

पठार सोनकीनं पिवळं झालं होतं. खाली धरणाचं पाणी ताटात ओतल्यासारखं पसरलेलं. कामशेतकडे आगगाडी गोमेसारखी सरकत होती, तिचा आवाजही इथवर पोचत नव्हता. लोणावळ्याच्या अंगाला ढग डोंगरावर हात टेकून बसले होते. आबांनी हेल्मेट काढलं. मग टोपीही काढली. ती ते फक्त देवापुढे काढत.

शालूबाई फुलांत वाकल्या होत्या. बांधाच्या कडेला, कुणी न पेरता, नाचणीची दहा-बारा कणसं उभी होती. त्यांनी एक तळहातावर चोळलं, फुंकर मारली. तांबडे दाणे राहिले.

"आपल्याला इसरलं न्हाई गं रान," आबा म्हणाले. "सत्या, तंबूवाल्याला म्हणावं, पुढच्या खेपंला चहा न्हाई. अन् ह्येच जनावर दावणीला बांधायचं. यंत्र मुकं, पर आपली हाक वळखतंय. ह्ये देवाचंच देणं म्हणायचं!"

शालूबाईंनी दाणे पदरात बांधले, मागे चढून बसल्या आणि म्हणाल्या, "अवो, उतरताना तेवढं वरडू नका. अंगठा काढला की थांबतंय ते. माजा कान बसला."