माझ्या भेगेवरची काच

माझ्या माथ्याच्या दगडाशेजारी केसाएवढी एक भेग आहे. तिच्यावर काडेपेटीच्या लांबीची काचेची पट्टी आडवी चिकटवली आहे. भेग जराही रुंदावली, तर काच तडकेल. दोन पावसाळे गेले. काच अखंड आहे.

मित्रांनो, मी सुरतेतल्या एका जुन्या इंग्रजी चर्चची दगडी कमान आहे. परदेशी आलेल्या इंग्रजांनी आपल्या गावाकडचे चर्च आठवून हे बांधले. लांबट सभागृह, पूर्वेला वेदी आणि दोन्हींच्या मध्ये टोकदार मी. दगड मात्र पोरबंदरचा, आणि घडवणारे हात इथले. माझे दोन्ही बाहू एकमेकांवर झुकलेले आहेत. दोघेही पडू पाहतात, म्हणूनच कोणी पडत नाही. छताचा भार माझ्या खांद्यांवरून जाड भिंतींत उतरतो आणि बाहेरच्या तिरक्या टेकूंमधून जमिनीत जातो. सकाळी रंगीत काचेतून निळा उजेड आला, की लोक बोलता बोलता थांबतात आणि मान वर करतात. ते मला फार आवडते.

पुढे माझ्यावर माया झाली. शहरातल्याच डिंडोली भागातले गवंडी चिंधाभाऊ यांनी माझा जुना चुना खरवडला आणि स्वतःच्या घराला करावा तसा सिमेंटचा गिलावा केला, वर तैलरंग. सगळ्यांनी कौतुक केले. काही वर्षांत गिलाव्याला फुगे आले, दगडाची भुकटी झडू लागली आणि ही भेग दिसली. कमान पाडून स्लॅब टाका, असे कोणी सुचवले. वास्तुविशारद शोभाताई म्हणाल्या, कमान भक्कम आहे, काच लावून पाहू. चर्चचे पाळकसाहेब मात्र दर रविवारी वर बघत आणि गुजरातीत 'बघू' एवढेच म्हणत, "जोईशुं, बेन, जोईशुं."

काल सगळे माझ्याखाली जमले.

"ताई, गिलावा तर पक्का केलता मी," चिंधाभाऊ म्हणाले. "दगडाला काय थंडी वाजती?"

"घाम येतो त्याला," शोभाताई म्हणाल्या. "चुन्यातून तो वाळायचा. सिमेंटनं आत कोंडला."

"ऐकलं? रेनकोट घातला तुम्ही त्याले!" घमेले घेऊन आलेल्या चिंधाभाऊंच्या पत्नी सुभद्राबाई हसल्या.

चिंधाभाऊ ओशाळले. "घातला तसा काढीन. पण पाडाले हात नाही उचलनार, साहेब."

मित्रांनो, जुन्या वास्तूंवर माया जरूर करा. फक्त आधी आमचा स्वभाव जाणून घ्या.

पाळकसाहेब शिडी चढले. काचेवरून त्यांनी हळूच बोट फिरवले. खाली उतरायचीही वाट न बघता ते शिडीवरूनच म्हणाले, "नथी पाडवी. कमान राहणार. चुना भिजवा, चिंधाभाई."