टाकी भरेपर्यंत

डेल्मर टीटर म्हणजे कमरेचं पिस्तूल, आणि पिस्तूल म्हणजे डेल्मर टीटर. वेस्ट व्हर्जिनियातल्या त्या डोंगराळ गावात दोघांना कुणी वेगळं पाहिलंच नव्हतं. शर्टाखाली लपवलेलं असायचं म्हणे! लपवलेलं कसलं, गावच्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. बस्टर न्हावी तर शपथेवर सांगायचा, की डेल्मर अंघोळीला गेला की पिस्तूल दाराबाहेर पहाऱ्याला बसतं आणि उशीर झाला की खाकरतं.

दोन वर्षांपूर्वी त्याची बायको ओपल गेली. अंत्यविधीला मुलगी केंड्रा न्यू जर्सीहून आली, रडत बापाच्या गळ्यात पडली, आणि तिच्या हाताला कोटाखालचं लोखंड लागलं. पोळल्यासारखी मागे सरली पोरगी.

"आईला पुरायलाही हे घेऊन आलात, डॅडी?"

जाताना एवढंच म्हणाली, "माझं दार उघडं आहे. पण हे घरी ठेवून या."

त्याला आज जातो, उद्या जातो करता करता दोन वर्षं लोटली. मग केंड्राला मुलगा झाला, ओवेन. चार महिन्यांचा फोटो आला. नाक अगदी ओपलचं, बटाट्यासारखं. डेल्मरने तो फोटो फ्रीजवर लावला आणि दिवसातून वीस वेळा फ्रीज उघडायला लागला. भूक नव्हती हो, फ्रीजमध्ये तसंही लोणच्याच्या बरणीशिवाय काही नव्हतं. त्या पोराला एकदा हातात घ्यायचं, एवढंच आता त्याच्या मनात होतं.

मग पिस्तूल ठेवायचं ना घरी! ठेवून पाहिलं त्याने. खणात टाकलं आणि गाडी काढली. पुलापर्यंतही पोचला नाही, घामाने शर्ट भिजला, छाती धडधडायला लागली. एक्केचाळीस वर्षं शेजारच्या सीटवर ओपल बसायची, आणि आता ती सीट रिकामी. परत आला, पिस्तूल कमरेला लावलं तेव्हा कुठे श्वास जागेवर आला. हे तो कुणाला सांगणार? सहा फूट दोन इंचाचा गडी, खाणीतली अवजड यंत्रं एकट्याने उचलायचा, त्याला एकटं जायची भीती वाटते म्हणून सांगायचं?

मग त्याने कायदा वाचायला घेतला. न्यू जर्सी या बाबतीत भलतीच कडक. बस्टर म्हणाला, "अरे, तिथे ॲशट्रेमध्ये रिकामं काडतूस सापडलं म्हणून एकाला आत टाकला. त्याने सिगरेटसुद्धा ओढली नव्हती!" पण एक वाट होती. निघतो तिथे चालतं, पोचतो तिथे चालतं, तर मधल्या राज्यातून नुसतं पार होता येतं. गोळ्या काढून, पेटीला कुलूप लावून, पेटी डिकीत. फक्त मध्ये रेंगाळायचं नाही. पेट्रोलला थांबा, लघवीला थांबा, पण पाहुणचार नाही.

पार व्हायचं तर पलीकडे कुणीतरी हवं. व्हर्मॉन्टला, जिथे पिस्तूल चालतं, चुलतभाऊ लॉयड होता, तीस वर्षांत बोलणं नाही. डेल्मरने फोन लावला.

"लॉयड, तुझ्याकडे येतोय."

"कोण मेलं?"

"कुणी नाही. भेटायला येतोय."

"मग तू मरायला टेकलायस," लॉयड म्हणाला. "ये. जेवण घेऊन ये."

असा व्हर्मॉन्टचा सरळ रस्ता सोडून न्यू जर्सीतून जाणारा लांबचा रस्ता धरला गड्याने. पेट्रोलचा हिशेब असा जुळवला, की टाकी रिकामी व्हावी ती बरोबर केंड्राच्या फाट्याच्या आधीच्या पंपावर. पोचला तेव्हा टाकीत पेट्रोल नव्हतंच, नुसता वास होता.

फोनवर त्याने पंपावरच बोलावलं होतं, तशी केंड्रा आली होती, बाळाला घेऊन. धावत येऊन बिलगली आणि तिचा हात आपसूक त्याच्या कमरेकडे गेला. चाचपलं. काही नाही. पोरीचा चेहरा असा उजळला, की पेट्रोल भरायला आलेला माणूससुद्धा हसला.

"डॅडी! खरंच आलात!"

"मग! म्हातारा दिसतोय का?"

"छे. पूर्वीही असेच खडूस दिसायचात." डोळे पुसत तिने गाडीचं दार उघडलं, बाळाच्या सीटचा पट्टा काढायला लागली. "घ्या तुमच्या नातवाला. मग माझ्या मागून या, सहाच मैल आहे. बीन्स शिजवलेत, मक्याचा पाव केलाय, आईसारखा."

डेल्मरने हात पँटला पुसले. आणि तोंड मिटून घ्यायचं सोडून मोठ्या अभिमानाने बोलला, "घरी नाही येता येणार गं. पण काळजी नको, सगळं कायद्यात आहे. डिकीत आहे ते. कुलपात. गोळ्या वेगळ्या."

केंड्राचे हात थांबले.

"बरोबर आणलंत?"

"तुझ्या घरात नाही आणलं ना! तू म्हणालीस म्हणून तर..."

"किती वेळ आहे तुमच्याकडे?"

"टाकी भरेपर्यंत."

तिने पट्टा पुन्हा लावला. खट्ट आवाज झाला, बाळ झोपेत दचकलं.

"इथे पेट्रोलच्या वासात नको त्याला काढायला," ती हळू म्हणाली. "घरी ठेवून का नाही आलात, डॅडी? एक दिवस. माझ्यासाठी."

शब्द अगदी जिभेवर आला होता हो. मला भीती वाटते पोरी, तुझी आई नाही शेजारी. एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात पंपावरचा माणूस आला.

"काका, भरली टाकी."

"अजून घाल."

"कुठे घालू? तुमच्या खिशात?"

कुणी हसलं नाही. डेल्मरने काचेतून पाहिलं. ते नाक, ती मिटलेली मूठ. काचेवर बोट टेकवलं आणि मग घाईघाईने बाहीने ठसा पुसून टाकला.

केंड्रा गाडीत बसली. तिची गाडी पुढे, त्याची मागे, एकाच रस्त्याला लागल्या. फाटा जवळ आला तशी तिने उजवीकडचा दिवा लावला आणि वेग कमी केला. वळणाच्या तोंडाशी थांबलीच जवळजवळ. मागचे भोंगे वाजवायला लागले, तरी हलेना. वाट बघत होती पोरगी.

डेल्मरचा हात आपल्या दिव्याच्या दांड्यावर होता. तुरुंगाचा विचार त्याच्या डोक्यात आला नाही, खोटं कशाला सांगू. त्याला दिसली ती केंड्राच्या घरातली पाहुण्यांची खोली, बंद दार, आणि अंधारात एकटा आपण, डिकी दूर अंगणात.

दांडा त्याने हलवला नाही. गाडी तिच्या बाजूने सरळ निघून गेली. आरशात तिचा दिवा लुकलुकत राहिला, लुकलुकत राहिला, मग मध्ये एक मोठा ट्रक आला.