उभे प्रवासी अकरा

नऊ नंबरच्या बसला शेवटच्या थांब्यावर रोज सकाळी सहा बेचाळीसला एकच प्रवासी मिळायचा, आणि तोही बसपेक्षा वक्तशीर. ती हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला होती. पेशंटच्या झग्यांच्या तुटलेल्या नाड्या शिवणं हे तिचं काम. ऐकणाऱ्याला वाटतं, त्यात काय एवढं. पण आजारी माणूस नाडी सोडत नाही, ओढतो. दिवसाला सत्तर-ऐंशी नाड्या होत. कंडक्टरला हे पहिल्याच आठवड्यात कळलं आणि तेव्हापासून ती नाडीबाई झाली.

"या नाडीबाई," असं म्हणून कंडक्टर रिकाम्या बसकडे तोंड करून ओरडायचा, "पुढे सरका, पुढे सरका! दारात गर्दी नको, बायामाणसं चढतायत!"

पस्तीस रिकाम्या सीटा जागच्या हलायच्या नाहीत.

"कुणी ऐकतच नाही हो," तो म्हणायचा.

"माणुसकीच राहिली नाही," ती म्हणायची.

हा विनोद सहा वर्षं रोज झाला. शिळा झाला नाही, कारण दोघांकडे दुसरा नव्हता.

मग ती बसायची, पिशवी मांडीवर घ्यायची. एक बेल म्हणजे थांब, दोन बेल म्हणजे चल. ती नीट बसल्याशिवाय कंडक्टर डबल बेल द्यायचा नाही. समोर ढळढळीत दिसत असूनही विचारायचा, "चढलात?"

"चढले. द्या डबल."

टिंग टिंग. मग चाळीस मिनिटं गप्पा. कंडक्टरच्या जावयाचे गुडघे, ड्रायव्हरचं अपचन, नाडीबाईच्या शेजाऱ्यांनी बदललेलं कुलूप. ड्रायव्हर बोलायचा नाही, पण एखादी गोष्ट पटली की हॉर्न वाजवायचा.

ही चाळीस मिनिटं वजा केली तर उरलेल्या दिवसात नाडीबाईशी कुणी बोलत नसे. धुलाईघरात मशीनचा एवढा धडधडाट की सगळ्या बायका कानात बोळे घालून खाणाखुणांनी बोलत, आणि खुणांमध्ये फक्त 'आण', 'ने' आणि 'लंच' एवढंच होतं. संध्याकाळच्या बसचा कंडक्टर कानात वायर घालून तिकीट फाडायचा. घरी इमारतीच्या लिफ्टमध्ये रेकॉर्ड केलेला एक आवाज होता, पण त्याचं एकच म्हणणं, दरवाजा बंद करा.

त्यामुळे एके दिवशी थांब्याच्या खांबावर 'पुरेशा प्रवाशांअभावी नऊ नंबरचा मार्ग महिनाअखेर बंद' असा कागद दिसला, तेव्हा तिला वाटलं, कुणीतरी आपल्या तोंडावरच हा कागद चिकटवलाय.

तिने भाचीला फोन केला. भाची शहराच्या मध्यभागी राहायची, कॉलेजात जायची आणि सदतीस ग्रुप चालवायची. त्यांतले चार झाडांचे, दोन कुत्र्यांचे, आणि एक ग्रुप कमी करण्याबद्दलचा.

"मावशी, तू काही करू नकोस. तू फक्त पीडित राहा," भाची म्हणाली आणि रविवारी येऊन थांब्याच्या खांबाला टेकवून तिचा व्हिडिओ काढला.

"थोडी रडशील?"

"कशाला? बस आहे अजून बारा दिवस."

"लोकांपर्यंत पोचायला."

"पोचायला बस लागते गं, रडून काय होतंय."

नेमकं हेच वाक्य भाचीने ठेवलं. 'एकटीची बस' नावाचा ग्रुप निघाला. दुपारपर्यंत दोनशे माणसं आली, रात्री हजार, आणि बुधवारी आकडा अकरा हजारांवर गेला. नाडीबाईने जन्मात एवढी माणसं पाहिली नव्हती. आत्ताही पाहिली नव्हतीच म्हणा.

'ताई, आम्ही तुमच्यासोबत आहोत,' असं एकाने लिहिलं. तिने बोटाने एकेक अक्षर शोधत विचारलं, 'कुठे?' त्याने लाल बदाम पाठवला. बदामात पत्ता नव्हता.

पण कुणी आपणहून बोललं तर उत्तर न देणं तिच्या रक्तात नव्हतं. तिने प्रत्येकाला लिहायला घेतलं, 'जेवलात का?' तीनशेबाराव्या माणसाला विचारल्यावर फोनला तिचा संशय आला. तू माणूस आहेस की यंत्र, हे सिद्ध कर, म्हणाला. नऊ चौकोन दाखवले: यातल्या बस निवडा.

नाडीबाईला हसूच आलं. गाठीशी सहा वर्षांचा अनुभव. तिने चष्मा पुसून एकेक चौकोन नीट पाहिला. दोन बस निवडल्या. तिसरीवर नंबरच नव्हता, आणि नंबर नसलेली बस कुठे जाणार, हे ठरल्याशिवाय ती निवडायची कशी? तिने सोडली. फोनने तिला यंत्र ठरवलं आणि एक दिवस बोलायला बंदी घातली.

"बघा," तिने सकाळी कंडक्टरला सांगितलं, "मी माणूस नाही म्हणे."

"मग अर्धं तिकीट द्यावं लागेल," कंडक्टर म्हणाला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

कंडक्टरकडे जावयाने दिलेला जुना फोन होता, तो त्यात फक्त घड्याळ बघायचा. नाडीबाईनेच त्याला ग्रुपात कसं शिरायचं ते दाखवलं. तो अकरा हजार चारशे तिसरा सदस्य झाला. "आत गर्दी आहे का?" त्याने विचारलं.

"फार."

"मग दारातच थांबतो."

बसच्या ऑफिसने आंदोलनाला उत्तर दिलं की सह्या, बदाम, रडके चेहरे हे प्रवासी नव्हेत. आमचे साहेब सोमवारी बसमध्ये बसून स्वतः मोजतील. कोण कुठे चढतो, कोण कुठे उतरतो, त्यावर ठरेल.

भाचीने आवाज दिला: सोमवारी सकाळी सगळे नऊ नंबरने प्रवास करा!

रविवारी नाडीबाईला झोप लागली नाही. एवढी माणसं येणार तर बोलायला काय काढायचं? तिने विषयांची यादी केली. कुलूप. लिफ्ट. आजारी माणूस नाडी का ओढतो. सोमवारी ती सहा पंचवीसलाच जाऊन थांब्यावर उभी राहिली. अंगावर इस्त्रीची साडी, यादी पिशवीत.

सहा बेचाळीसला नऊ नंबर आली ती एका अंगाला कलूनच. खिडक्याखिडक्यांतून हात आणि हातांत फोन. लोक शहराच्या मध्यावरून बसले होते, शेवटच्या थांब्यापर्यंत आले होते, आणि आता याच बसने परत जाणार होते. कुणी उतरायला तयार नव्हतं, कारण उतरलं की सीट जाते, एवढं व्यवहारज्ञान आंदोलकालाही असतं.

दार उघडलं. कंडक्टर पायरीवर. त्याच्यामागे साहेब, हातात पाटी आणि पेन्सिल. साहेबांच्या डोक्यावर पत्र्यावर रंगवलेली जुनी सूचना होती: उभे प्रवासी अकरा.

"पुढे सरका," कंडक्टर म्हणाला. मग खरंच ओरडला, "पुढे सरका हो! दारात गर्दी नको! एक बाई चढायच्यात!"

कुणीच हललं नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा हे वाक्य खऱ्या माणसांना उद्देशून होतं आणि परिणाम तोच झाला.

"अकरा पूर्ण आहेत," साहेब पाटीवरची नजर न काढता म्हणाले. "बारावा घेतलात तर तुमच्यावर रिपोर्ट."

"साहेब, अहो ही बस यांचीच आहे."

"बस महामंडळाची आहे."

पुढच्या खिडकीतून भाचीचं अर्धं तोंड आणि अख्खा फोन बाहेर आला. "मावशी! हात हलव! नऊ हजार लोक बघतायत!"

नाडीबाईने हात हलवला.

"मी उतरले असते गं, तुला जागा दिली असती, पण मी लाइव्ह आहे!"

"नको नको, तू बस," नाडीबाई म्हणाली. "पडशील, आत हो."

कंडक्टर खाली बघत होता. त्याचा हात बेलच्या दोरीवर होता, पण दोरी काही ओढली जात नव्हती. साहेबांनी घड्याळ पाहिलं. शेवटी ड्रायव्हरने बेलची वाट न बघताच गाडी काढली. त्याने हॉर्न वाजवला नाही. बस गेली. आतून घोषणा ऐकू येत होती, 'एकटीची बस, वाचलीच पाहिजे.' वळणापर्यंत ऐकू आली.

पिशवीतली यादी तशीच. नाडीबाई चालत निघाली आणि पावणेदोन तास उशिरा धुलाईघरात पोचली. मुकादमबाईने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. नाडीबाईने उत्तरादाखल हातांनी बस दाखवली, गर्दी दाखवली, स्वतःला बाहेर दाखवलं. ही खूण नवी होती. मुकादमबाईला वाटलं, हिला लंचला जायचंय.

शुक्रवारी निकाल आला. भाचीचा आवाज फोनमध्ये मावेना. "मावशी, जिंकलो! नऊ नंबर वाचली! उलट दर वीस मिनिटांना सोडणार आहेत!"

"हो?" नाडीबाई खुर्चीवर बसली. "मग सहा बेचाळीसची आहे ना?"

"आहे आहे. फक्त मार्ग थोडा आवरलाय. साहेबांनी मोजलं ना, तर सगळे मध्यातच चढले आणि मध्यातच उतरले. शेवटच्या थांब्यावर चढलेले शून्य."

"शून्य?"

"हो ना. म्हणून शेवटचे तीन थांबे काढलेत. पण बस वाचली!"

गावजेवण घालावं आणि यजमानालाच पान मिळू नये, तशी तिची गत. पण भाची इतकी खुश होती की तिचा हिरमोड करणं नाडीबाईला बरं वाटेना.

"थांब्यासाठी वेगळा ग्रुप काढू," भाची म्हणाली. "याच ग्रुपात टाकलं तर लोक गोंधळतील. त्यांना वाटतंय, तू बसमध्ये आहेस."

"राहू दे," नाडीबाई म्हणाली. "जेवलीस का?"

"मावशी, दुसरा फोन येतोय. ठेवते."

नवा मार्ग सोमवारपासून सुरू झाला. त्या दिवशी नाडीबाई घरून पावणेसहालाच निघायला हवी होती, बससाठी तीन थांबे चालायचं तर तेवढं लागतं. पण पायांना कुणी कळवलं नव्हतं. सहा बेचाळीसला ती खांबापाशी उभी होती. खांबावरची पाटी काढून नेली होती. चार स्क्रूंची भोकं तेवढी शिल्लक होती. तिला ती शिवता आली असती तर तिने शिवली असती.

फोन पिशवीत गुरगुरत होता. ग्रुपात विजयाचा सोहळा चालू होता. फुगे, टाळ्या, बदाम, बसच्या टपावर नाचणारं एक अस्वल. ती अंगठ्याने सगळं वर सरकवत राहिली. दोनशे टाळ्यांच्या आणि दोनशे टाळ्यांच्या मध्ये एक ओळ अडकली होती. वेळ सहा बेचाळीस. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, फोटोच्या जागी नुसता करडा गोळा.

'शेवटच्या थांब्याच्या बाई चढल्या का'

खाली कुणीतरी टाळी वाजवली होती. कुणीतरी लिहिलं होतं, काका, ग्रुप चुकला का?

तिने रस्त्याच्या वळणाकडे पाहिलं. तिकडे काही नव्हतं, असणारही नव्हतं. पण तीन थांबे पलीकडे कुठेतरी एक भरलेली बस उभी होती, आत लोक ओरडत होते, ड्रायव्हर आरशात बघत होता, आणि एक म्हातारा होत चाललेला माणूस दोरी हातात धरून फोनकडे बघत होता. हे तिला इतकं स्पष्ट दिसलं की तिने घाई केली. लोकांना कामावर जायचं असतं.

तिने एकेक अक्षर शोधून लिहिलं, 'चढले. द्या डबल.'

मग फोन पिशवीत टाकला, पिशवी खांद्याला लावली आणि चालायला लागली.